बडग्याच्या अंगावरचा शर्ट

गोपिकाचा आवाज ही गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. नळाला पाणी आलं, कचरागाडी आली, कुणाची गाय कुणाच्या तुळशीत शिरली, की गल्ली आधी गोपिकाच्या आवाजाची वाट पाहायची आणि मग दारं उघडायची. इतवारीच्या मागच्या अंगाची ती गल्ली. समोरासमोर दोन स्कूटर आल्या की एकाला नाइलाजानं सज्जन व्हावं लागतं इतकी अरुंद. तिथं भोंगा बसवायची गरज कुणालाच कधी वाटली नाही.

या आवाजाचं सोनं व्हायचं ते मारबतीला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. वर्षभरात जे जे नकोसं झालं ते सगळं, म्हणजे रोगराई, डास, ढेकूण आणि हल्ली रस्त्यातले खड्डेसुद्धा, एका बाईच्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर धाडायचं आणि जाळून टाकायचं. तिच्या मागं गल्लोगल्लीचे बडगे असतात. बडग्या म्हणजे बांबू, गवत आणि रद्दीचा पुतळा. गळ्यात पाटी आणि पाटीवर त्या वर्षीचा राग. गोपिकाच्या गल्लीची आणखी एक रीत होती. बडग्याचे कपडे विकत आणायचे नाहीत. घरोघरच्या बायकांनी एकेक उतरलेला कपडा द्यायचा. कपडा गेला म्हणजे त्या घरची पीडा गेली. मग हातगाडीवर उभं राहून गोपिका आरोळी ठोकायची, "रोगराईऽऽ!" आणि गल्ली मागून म्हणायची, "घेऊन जा गे मारबत!" तिची आरोळी गांधीबागेपर्यंत ऐकू जाते असं लोक सांगत. ती म्हणायची, "गांधीबागचं माहीत नाही बाप्पा, पण माह्या घरात काही ऐकू जात नाही."

घरात म्हणजे साहिलला. साहिल आठवीत. एकुलता एक, आणि तेवढा एकच पुरे होता.

गोपिका मेडिकल कॉलेजच्या बाजूला एका खानावळीत पोळ्या लाटायची. उजाडायच्या आत निघायची, तेव्हा पोरगा झोपलेला. दुसऱ्यांच्या पोरांना गरम पोळ्या वाढून परत यायची तेव्हा तिच्या पोराची पोळी ताटाखाली निवून पापड झालेली, आणि पोरगा बाहेर. त्या घरातलं आईपण असं ताटाखाली झाकून ठेवलेलं असायचं. बाप महादेव उमरेडकडे कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे होता. तो रविवारी बसनं यायचा, चहा प्यायचा, आठवडाभराच्या तक्रारी ऐकायचा आणि पट्टा काढायचा. बापपण तेवढ्यात उरकून तो परतीची बस धरायचा. बिचाऱ्याला वाईट वाटत नसे असं नाही. बसस्टँडवरून तो साहिलसाठी केळी पाठवायचा.

तर यंदा, पोळ्याच्या आठवड्यात, साहिलनं शाळेत एका मुलाच्या दंडात कंपासमधलं कर्कटक खुपसलं. मुलगा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कृष्णकांतरावांचा नातू पुष्कर. दोन टाके पडले.

गोपिकाला शाळेतून फोन आला तेव्हा तिच्या हाताला कणीक होती. ती तशीच गेली. मुख्याध्यापिका उत्तरा मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या हळू आवाजात बोलायच्या, आणि हळू आवाजातल्या माणसापुढं गोपिकाचं काही चालत नसे.

"गोपिकाबाई, असं करा, तुम्ही स्वतःच दाखला काढून घ्या. शाळेनं काढलं तर मुलावर डाग लागतो. तुम्ही मागितला तर तो तुमचा निर्णय होतो."

"माहा निर्णय?"

"हो ना. पोळ्याची सुट्टी झाली की सोमवारी या. आणि घरी त्याच्याशी संवाद ठेवा. मुलांना क्वालिटी टाइम द्यावा लागतो."

गोपिकाकडे मुळात टाइमच नव्हता. त्याची क्वालिटी तपासायची पाळी कधी आलीच नव्हती. ती "हाव मॅडम" म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर साहिल उभा होता. तिनं भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत दिली.

"काहून मारलं बे त्याले? काहून?"

एरवी साहिलची जीभ कात्रीसारखी चालायची, पण 'काहून'ला त्याच्याकडे उत्तर नसायचं. किंवा असायचं, आणि तोवर दुसरी थोबाडीत पडायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पोरांच्या मारामारीची बातमी आली की आपल्याकडे मंडळी फार झपाट्यानं शहाणी होतात. एक म्हणतो मोबाइल, दुसरा म्हणतो संस्कार, तिसरा म्हणतो आमच्या वेळी मास्तर छड्या मारायचे म्हणून आम्ही असे झालो; आणि आपण कसे झालो हे मात्र कुणी आरशात जाऊन पाहत नाही. त्या आठवड्यात सगळी गल्ली शहाणी झाली होती. गोपिका पाण्याला गेली की बायका जागा करून देत. त्या गल्लीत पाण्याला कुणी जागा करून देणं याच्याइतका अपमान दुसरा नाही.

शेजारची कौसल्या तेवढी तोंडावर बोलली. "तू दिवसभर घराबाहेर राहतं वं. पोट्टा बिघडंल नाही तं काय होईल?"

"मी घरी बसतो, कौसल्याबाई. त्याले जेवाले तू घालशील?"

"तसं नाही म्हणून राहिले मी..."

"मंग कसं म्हणून राहिली?"

शाळेनं घरी बसवल्यापासून साहिल रोशनभाऊच्या पानठेल्याजवळ बसू लागला होता. रोशनभाऊ हे गल्लीतलं उगवतं नेतृत्व. चौकात त्याचा हात जोडलेला फोटो लागलेला असे, खाली 'युवकांचे आशास्थान'. त्याच्याकडे चार मोटरसायकली होत्या आणि त्या फिरवायला शाळेनं नको म्हटलेली बरीच पोरं होती. मिरवणूक असली की झेंडा, निवडणूक असली की बिर्याणी, आणि कुणाशी वाजलं की पोरांनीच पुढं व्हायचं. भाऊ मागून फोनवर. पण राग यावा अशी खरी गोष्ट वेगळीच होती. साहिल समोरून गेला की रोशन न चुकता विचारायचा, "जेवला का बे?" दिवसभरात हा प्रश्न त्या पोराला तेवढा एकच माणूस विचारत होता. सगळ्या जगानं मिळून ही एक जागा रोशनसाठी मोकळी सोडली होती, आणि मग जग म्हणत होतं की पोरगं वाईट संगतीत आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मंडळाची पोरं बडग्यासाठी कपडे मागायला दारात आली. गोपिका नुकतीच खानावळीतून आली होती. ताटाखाली सकाळची पोळी तशीच होती. साहिल रोशनच्या गाडीवर मागं बसून गेल्याचं कौसल्यानं उत्साहानं कळवलं होतं. खुंटीला शाळेचा आकाशी शर्ट लटकत होता. जूनमध्ये नवा शिवलेला. तिसरं बटण तुटलं तेव्हा घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून तिनं ते लाल दोऱ्यानं टाचलं होतं, आणि त्यावरून साहिल दोन दिवस रुसला होता.

"घ्या, घेऊन जा," तिनं शर्ट ओढून पोरांच्या अंगावर फेकला. "शाळा नाही तं शर्ट कायले पाहिजे? जाऊ दे पीडा."

पोरं एकमेकांकडे पाहून हसली. ती का हसली हे विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं.

मारबतीच्या सकाळी कौसल्याची मिनल साखर मागायला आली. मिनल त्याच शाळेत, पुष्करच्या वर्गात. साखर घेऊन झाली तरी ती उभीच राहिली.

"काकू, साहिलले खरंच काढून टाकणार आहेत?"

"कर्कटक खुपसल्यावर काय आरती करतील?"

"पण त्याच्या खोलीत सर नाही ना येत."

"कोणत्या खोलीत?"

मग ते बाहेर आलं. नापास होण्याच्या लायकीची मुलं शाळेनं निवडून टाकीजवळच्या मागच्या खोलीत बसवली होती. निकाल चांगला दिसायला हवा ना! तिथले गणिताचे सर सोडून गेले, ते गेले. दुसरे सर कधी मतदार याद्यांवर, कधी प्रशिक्षणाला. पोरं दिवसभर बाकं वाजवत बसायची, आणि बाकं वाजवल्याबद्दल मैदानाभोवती पळायची. त्या दिवशी साहिल वही घेऊन समोरच्या वर्गाच्या दाराशी गेला. भूमितीचा तास होता, बाई अजून यायच्या होत्या. तो म्हणाला, मागं बसू का?

"बसाले आला होता?" गोपिका म्हणाली.

"हाव. तं पुष्कर म्हणे, इथं बसाले डोकं लागते, तुम्ही कबाडखान्यातले. मंग सगळे 'कबाड, कबाड' करून ओरडले. त्याची वही बाहेर फेकली. मंग त्यानं..."

"हे मॅडमले सांगितलं तू?"

"मॅडमनं विचारलंच नाही. मॅडमनं विचारलं, कोणी मारलं. आमी सांगितलं, साहिलनं."

गोपिका चुलीसमोर बसली होती ती तशीच राहिली. पोरगं मारायला गेलं नव्हतं, बसायला गेलं होतं. वर्गात! चौदा वर्षांचं पोरगं आपल्या पायानं भूमितीच्या तासाला जातं, ही खरं तर पेपरात छापायची बातमी. आणि तिनं स्वतः काहून, काहून म्हणून विचारलं होतं ते हातानं.

ती ताडकन उठली. सोमवारी पोरगं शाळेत जाईल, दाखला गेला खड्ड्यात. धुतलेला शर्ट पाहिजे. तिनं खुंटी पाहिली. दोरी पाहिली. पेटी उपसली. आणि मग तिला आठवलं.

ती चौकात पोचली तेव्हा बडगे निघायच्या तयारीत होते. ढोल सुरू होते. गल्लीचा बडग्या हातगाडीवर बांधला होता, आणि यंदा तो फार मन लावून केलेला होता. डोक्याला साहिलसारखी एका बाजूनं तासलेली हजामत. हातात पुठ्ठ्याचा चाकू. अंगात आकाशी शर्ट, तिसऱ्या बटणाला लाल दोरा. आणि गळ्यात पाटी:

'ना आईचा धाक, ना बापाचा मार,
दप्तरात चाकू, पोरगा गुंडा फार!'

ही कविता कृष्णकांतरावांची. ते एका कचेरीतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ होते. मंडळाच्या पाट्या तेच लिहीत. एरवी त्यांची यमकं महागाईवर आणि मनपावर पडायची आणि त्यापायी कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं. यंदा नातवाच्या दंडाला टाके होते, म्हणून यमक साहिलवर पडलं. बडग्याच्या मागं बॅनर होता, 'सौजन्य: रोशनभाऊ मित्र परिवार'. गुंडगिरीविरुद्धच्या बडग्याला रोशनभाऊचं सौजन्य! एवढा विनोद घडला तरी चौकात कुणी हसलं नाही, कारण सगळे दुसऱ्याच गोष्टीवर हसत होते. एक पोट्टा चप्पल काढून बडग्याच्या तोंडावर हाणत होता. बाजूला मोटरसायकलवर साहिल बसला होता. तोही हसत होता.

गोपिकानं ते हसणं पाहिलं. पोरगं स्वतःच्या शर्टाला बसणाऱ्या चपला मोजत होतं आणि हसत होतं. असं हसायला शिकलेलं पोर पुढं काय काय करू शकतं, हे कळायला तिला कुठल्या व्याख्यानाची गरज नव्हती.

"काकू आल्या! चला, आवाज द्या!" रोशननं माईक पुढं केला. पोरांनी हात देऊन तिला हातगाडीवर चढवलं. दरवर्षीचीच रीत, कुणाला काही खटकलं नाही.

गोपिकानं माईक परत दिला. तिला तो लागत नव्हता.

"मास्तर नसलेली खोलीऽऽ!"

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली ओरडली. सवयीनं. काय ओरडलो हे नंतर कळलं.

"पोट्ट्यायले कबाड म्हणणारी शाळाऽऽ!"

"घेऊन जा गे मारबत!" आता मागच्या खोलीतली दोनचार पोरं गर्दीत होती, ती बोंबलली.

"पोट्ट्यायच्या हातात झेंडा देऊन सोता फोनवर लढणारे भाऊऽऽ!"

"घेऊन जा गे मारबत!" हा आवाज बायकांचा होता, आणि तो सगळ्यात मोठा होता. रोशनभाऊला अचानक एक महत्त्वाचा फोन आला.

"रविवारी येऊन पट्टा काढणारा बापऽऽ!"

"घेऊन जा..."

"मार खाऊन घरी येऊ नको म्हणून शिकवणारी मायऽऽ!"

यावर कुणी ओरडलं नाही. साहिल पहिलीत होता, रोज मार खाऊन यायचा, तेव्हा दारातून हे वाक्य तिनंच ओरडून सांगितलं होतं. गल्लीनं ऐकलेलं होतं. साहिलचं हसू थांबलं. गोपिका स्वतःच म्हणाली, जरा हळू, "घेऊन जा गे मारबत."

मग ती बडग्याकडे वळली आणि त्याच्या शर्टाची बटणं काढू लागली.

"अहो, अहो गोपिकाबाई!" कृष्णकांतराव पुढं आले. "मिरवणूक खोळंबलीय! मागं दुसरे बडगे उभे आहेत!"

"उभे राहू द्या. हा शर्ट माह्या पोराचा आहे. शाळेत जायचा आहे."

"तुम्हीच दिलात ना तो?"

"दिला. माही अक्कल गेली होती. तुमची कुठं गेली होती, काका? पोट्ट्याची पीडा मंडळाले दिली, तं तुमी पोट्टाच जाळाले निघाले?"

"त्यानं माझ्या नातवाला भोसकलंय!"

"भोसकलं. चूक केली. त्याले मी तुमच्या दारात आणून उभा करतो, उद्याच. पण पुष्करले एकदा विचारा, माहा पोट्टा वर्गाच्या दारात काहून आला होता. टाके मोजले तुमी, हे विचारलं का?"

कृष्णकांतरावांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना यमक सुचलं नाही.

बाही बांबूत अडकली होती. गोपिका ओढत होती, ती निघेना. तेवढ्यात कुणीतरी हातगाडीवर चढलं आणि बडग्याचा हात वर धरला. साहिल. आईकडे न बघता तो म्हणाला, "हळू ना. फाटंल."

बडग्या तसाच उघडा, गवताच्या छातीनं, मिरवणुकीत गेला. कृष्णकांतरावांनी जाता जाता पाटी उलटी फिरवली होती. कोरी बाजू पुढं घेऊन तो गेला आणि जळला. आणि लोक म्हणाले, यंदाच्या बडग्यात काही दम नव्हता.

रविवारी गोपिका साहिलला घेऊन कृष्णकांतरावांचा जिना चढली. साहिलनं जमिनीकडे पाहून माफी मागितली. पुष्कर त्याच जमिनीकडे पाहून काहीतरी पुटपुटला. आजोबांनी त्याला बहुधा विचारलं असावं, कारण त्यांचे स्वतःचेच डोळे वर होत नव्हते. महादेव बसनं आला, त्याला सगळी हकीकत कळली. सवयीनं त्याचा हात पट्ट्याकडे गेला. गोपिका म्हणाली, "चौकात सगळ्यांसमोर मारबतीले देऊन आले मी तो. पॅन्ट दोरीनं बांध."

सोमवारी शाळा भरली. उत्तरा मॅडमनी दाखल्याची तयारी करून ठेवली होती. गोपिका आलीच नाही. मॅडमना जरा हायसं वाटलं आणि जरा चमत्कारिक. मग शिपाई धावत आला, "मॅडम, मागच्या खोलीत एक बाई बसून आहे."

टाकीजवळच्या खोलीत शेवटच्या बाकावर गोपिका बसली होती. खानावळीत निरोप धाडला होता, आज पोळ्या दुसऱ्या कुणी लाटा. बाजूला साहिल, अंगात आकाशी शर्ट. बाकी पोरं इतकी शांत होती की ती त्याच खोलीतली वाटत नव्हती. कुणाची आई वर्गात बसल्यावर बाक कसं वाजवणार!

"हे काय, गोपिकाबाई? तुम्ही इथं कशा?"

"शिकून राहिली, मॅडम."

"असं बसता येणार नाही."

"काहून? सांगा ना. इथं मास्तर नाही, तं मी कोणाच्या मधात येऊन राहिली? मास्तर आले की मी उठतो. नाही आले तं उद्या याची माय येईल, परवा त्याची, नेरवा आणखी कोणाची. तुमी म्हणलं होतं ना, पोरासोबत टाइम घालवा."

ती ओरडली नव्हती. तो हळू आवाज एरवी मॅडमकडे असायचा.

"दाखला..." मॅडम म्हणाल्या.

"मी मागितला नाही. मागणार नाही. तो माहा निर्णय म्हणलं होतं ना तुमी? तं हा आहे."

मॅडम उंबऱ्यात उभ्या राहिल्या. खोली त्यांनी अशी, बसलेल्या पोरांच्या बाजूनं, बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. पंखा होता, पाती नव्हती. फळा होता, त्यावर गेल्या वर्षीची तारीख होती. मॅडम शाळेत लागल्या तेव्हा भूमिती शिकवायच्या. मुख्याध्यापिका झाल्यावर त्यांच्या वाट्याला भूमितीऐवजी बैठका आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्या दिवशीही एक बैठक होती. मग त्या आत आल्या, फळा पदरानं पुसला आणि खडूसाठी हात पुढं केला.

खोलीत खडू नव्हता.

"समोरच्या वर्गातून कोणीतरी घेऊन या," मॅडम म्हणाल्या.

कुणी हललं नाही. समोरचा वर्ग म्हणजे काय हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गोपिकानं तोंड उघडलं, आणि मिटलं.

साहिल उठला. शर्ट खोचला आणि बाहेर गेला. गोपिका दाराकडे पाहत राहिली. कुठून 'कबाड' ऐकू येतं का, बाक आपटल्याचा आवाज येतो का, तिचे सगळे कान त्या व्हरांड्यात गेले होते. गांधीबागेपर्यंत आवाज पोचवणारी बाई, श्वाससुद्धा जपून घेत होती.

साहिल परत आला. हातात खडू होते. मॅडमनी नुसता खडू मागितला होता, यानं रंगीतही आणले होते.

"कोणी दिले बे?" गोपिकानं दबक्या आवाजात विचारलं.

"पुष्करनं," साहिल म्हणाला. "आता गप्प बस ना माय. तास सुरू झाला."